मी सरळ केलेला रस्ता

अहो,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमचा जन्म कुठला, कॉलेजात किती वर्षं भूगोल शिकवलात, मागे कोण कोण आहे, यातलं काही मी लिहिणार नाही. ते आपल्या अजितने वर्तमानपत्राला दिलं होतं. त्यात तुमचं वय एका वर्षाने चुकलं. माझा लाल पेन आपोआप हातात आला, मग मी तो परत ठेवला.

हे बोलणं तुमच्याशी आहे, पण वाचणार आहेत गौरी आणि निखिल, तिकडे जर्मनीत. नातवंडांचं मराठी म्हणजे तुम्ही फोनवर शिकवलंत तेवढंच, त्यातलंही निम्मं कन्नड. म्हणून सोपं लिहिते आणि क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिण्यावर तुम्ही हसाल. हसा.

सहाव्या दिवसापासून सुरुवात करते. मी हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. सहा दिवस तिथेच बसत होते. सकाळी आठला लोक यायला लागत, दुपारी थोडे थांबत आणि चारनंतर पुन्हा येत. प्रत्येक जण माझा हात धरून तेच बोलायचा आणि मी तेच उत्तर द्यायचे. उठून आत गेले की ताराक्का लगेच मागे. तुमची बहीण अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली, पण घरात कोण कुठे आहे ते तिला भिंतीपलीकडून कळतं. “लोक तुला बघायला आलेत गो. सुम्ने, गप बस. दहा दिवस नवीन काम धरायचं न्हाई, कुठं जायचं न्हाई.” वर्तमानपत्रसुद्धा तिने माझ्या हातून काढून घेतलं. तिचं प्रेम आहे, मला माहीत आहे. पण आयुष्यभर घड्याळाप्रमाणे चाललेल्या बाईला खुर्चीत बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे तुम्ही असतात तर तुम्हालाच कळलं असतं. तुम्ही मला काहीतरी निमित्त काढून आत बोलावलं असतंत.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला गौरीचा निरोप आला. तिने लिहिलं होतं की आजोबांनी जायच्या दोन आठवडे आधी तिला एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आपल्या म्हैसूरमध्ये डिसेंबरात भूगोलाची परिषद आहे, तिथे द्यायचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे निबंधाचा गोषवारा त्यांनी बोलून पाठवला होता आणि तिने तो इंग्रजीत टाइप करून भरायचा होता. तिने पुष्कळदा ऐकलं, पण अर्धंच कळलं. मुदत चार दिवसांनी संपते, संध्याकाळी पाचला. “आज्जी, तूच कर ना. तुलाच त्यांचं मराठी कळतं.” खाली ते रेकॉर्डिंग होतं. अकरा मिनिटांचं.

मी निरोप दोनदा वाचला. तुम्ही अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिलात, आणि मला सांगितलं नाहीत. पलीकडच्या खोलीत बसून, दार लोटून, अकरा मिनिटं बोललात. मी तेव्हा बहुधा भाजी चिरत होते.

समोर अग्रहारातल्या तीन बायका बसल्या होत्या. तुमच्या जुन्या घराशेजारच्या. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, त्याआडून वायर कानात घातली आणि बटण दाबलं. तुमचा आवाज आला. आधी खोकलात, मग म्हणालात, “गौरी पुट्टा, हे बघ, हे तूच टाइप करायचं हाय. तुझ्या आज्जीला देऊ नकोस. तिला काही दिलं की ती इस्त्री करून ठेवते.”

मी हसले. मोठ्याने. ओठ मिटायचं सुचलंच नाही. तिन्ही बायका चहाचे पेले हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. ताराक्का धावत आली. “अय्यो, काय झालं गो? लोक बसलेत समोर!” मग तिला वायर दिसली. “सुतकात कानात वायर? बेकागित्ता, पायजे होतं हे?” मी म्हटलं, “अक्का, ते बोलतायत.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही डॉक्टरला बोलावणार. मी वायर काढून तिच्या कानात दिली. तिला कमी ऐकू येतं, पण तुमचा आवाज पोचला असावा. ती तिथेच, त्या बायकांसमोर, जमिनीवर बसली. थोड्या वेळाने वायर परत दिली आणि म्हणाली, “खोकला बरा नव्हता त्याचा.” त्यानंतर माझ्या कानातल्या वायरबद्दल ती काही बोलली नाही.

गौरी, निखिल, तुमच्या आजोबांनी मला का वगळलं, ते तुम्हाला कळायला हवं. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बापालाही नाही.

मी बेळगावची. राज्यं नव्याने आखली तेव्हा मी शाळेत होते आणि आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. अहो, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा चहा देताना ते मुद्दाम तोच विषय काढून बसले. सगळे अवघडले. तुमच्या घराण्यातले लोक केव्हातरी म्हैसूरच्या फौजेत आलेले आणि तिथलेच झालेले. तुमचं मराठी ऐकून माझ्या बहिणी आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि वडिलांना म्हणालात, “बेळगाव आमच्याकडं आलंच हाय. आता मुलगी पण येऊ द्या की.” वडील आधी लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. लग्न तिथेच ठरलं.

तुम्हाला इंग्रजी यायचं नाही असं नाही. वाचायचात भराभर. पण लिहायला बसलात की वाक्य तुमच्या हातून निसटायचं. मी मिशनच्या शाळेत शिकलेले, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले. तुम्ही मला “मिस्सु” म्हणायचात. इकडे मास्तरणीला तसंच म्हणतात. आपली कामाची पद्धत पहिल्या वर्षातच पडली. तुम्ही फिरून यायचात, मराठी-कन्नडात सांगायचात, मी इंग्रजी करून टाइप करायचे. तुम्ही सही करून ठेवलेले कोरे कागद माझ्या टेबलाच्या खणात असायचे, कारण तुम्ही कधी कुठल्या गावी असाल याचा नेम नसायचा. खाली तुमची सही आणि वर मी काय टाइप करीन ते. इतका विश्वास कोणी कोणावर टाकू नये.

त्या काळी तुम्ही बेट्टदपुरच्या बाजूला जायचात. बसने जाऊन मग पायी. आठवडी बाजाराला, म्हणजे संतेला, येणाऱ्या बायकांबरोबर चालायचात. तिकडच्या जुन्या वाटांवर दगड असत. दोन उभे दगड आणि त्यांच्यावर खांद्याच्या उंचीला एक आडवी लांब शिळा. डोक्यावर ओझं असलेला माणूस तिथे थांबतो आणि कोणाची मदत न घेता ओझं त्या शिळेवर सरकवतो. दम खाऊन झाला की पुन्हा डोक्यावर घेतो. त्याला होरेगल्लु म्हणतात, ओझ्याचा दगड. तुम्ही पुट्टम्मा नावाच्या एका बाईला विचारलंत, तुझ्या गावापासून संता किती लांब? तिने मैल सांगितले नाहीत. ती म्हणाली, “होगोवाग मूरु, बरोवाग ओंदु.” जाताना तीन, येताना एक. जाताना डोक्यावर रागीचं पोतं असतं, तीन दगडांशी थांबावं लागतं. येताना टोपलीत मीठ आणि तेल, एकाच दगडाशी थांबलं की पुरे. तुम्ही मग गावोगाव तेच विचारत गेलात. सगळ्या बायका दोन आकडे सांगत. एकीनेही एक आकडा सांगितला नाही.

तो तुमचा शोध होता. त्या बायकांच्या जगात जायचा रस्ता आणि यायचा रस्ता सारखा लांब नसतो, आणि गावं कुठल्या बाजाराशी जोडली जातात हे त्यावरून ठरतं. आज हे लिहायला मला दोन ओळी पुरल्या. तेव्हा मला ते कळलंच नव्हतं.

तुम्ही घाईत सांगितलंत, वहीतली चार पानं माझ्यासमोर ठेवलीत आणि पुढच्या बसने पुन्हा गेलात. उत्तरेत कुठेतरी मोठी परिषद होती, तिथे पाठवायचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट होता. मी वही वाचली. जाताना तीन, येताना एक. पुढच्या गावाला जाताना दोन, येताना शून्य. मला वाटलं, तुमच्या लिहिण्यात गोंधळ झालाय. एकाच रस्त्याच्या दोन लांब्या कशा असतील? मी तुमचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, रस्त्यावरून दोरा ठेवला, दोरा ताणून पट्टीवर मोजला. पाच मैल. त्या सुमाराला रस्त्यांवरचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवत होते, म्हणून मी आधुनिक होऊन आठ किलोमीटर केले. सगळ्या गावांचं तसंच केलं. दगडांचं वाक्य पूर्ण काढून टाकलं, कारण इंग्रजीत ते हास्यास्पद वाटत होतं. सुबक झाला होता अ‍ॅबस्ट्रॅक्ट, एकही खाडाखोड नाही. आणि मुदतीच्या दोन दिवस आधी मी तो पोस्टात टाकला. मी सगळं दोन दिवस आधी करते.

तुम्ही परत आलात तेव्हा मी म्हटलं, “पाठवला.” तुम्ही म्हणालात, “शाब्बास मिस्सु.” कार्बन प्रत फायलीत होती. तुम्ही बघितली नाहीत. बघायची गरज तुम्हाला कधी वाटलीच नव्हती.

परिषदेत तुमच्या हातात छापील पुस्तिका पडली तेव्हा तुम्हाला कळलं. तिथे उभं राहून तुम्हाला तो वाचावा लागला. छापलेलं बदलता येत नव्हतं आणि तोंडी सांगायचा प्रयत्न केलात तर तुमचं इंग्रजी अडखळलं. समोर बसलेल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, “माणसं जवळच्या बाजाराला जातात. यात नवीन काय?” लोक हसले. तुम्ही म्हणालात, “काही नाही,” आणि खाली बसलात.

हे मला तुमच्याबरोबर गेलेल्या एका सहकाऱ्याकडून पुष्कळ वर्षांनी कळलं. तुम्ही घरी आलात तेव्हा मी दारातच विचारलं होतं, “कसं झालं?” तुम्ही म्हणालात, “वाढ गो, भूक लागली.” जेवलात. हात धुतलेत. मग खुर्ची सरकवताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, “रस्ता सरळ केलास तू.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

तुम्ही समजावलंत. दहा मिनिटं, शांतपणे, वर्गात समजावता तसं. आणि मी काय केलं? मी वाद घातला. “एका रस्त्याला दोन लांब्या असतील तर नकाशे कशाला काढता?” असं मी तुम्हाला म्हटलं. भूगोलाच्या माणसाला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, “बिडु.” जाऊ दे.

एवढंच. तो वाद तिथे थांबला. मला पटायला तीन-चार महिने लागले. ते कसं पटलं हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अजितच्या वेळी सातवा महिना होता. मी शिकवत होते त्या शाळेतून घरी यायला मला तीन ठिकाणी टेकावं लागायचं, आणि सकाळी त्याच रस्त्याने जाताना एकदाच. एका दुपारी देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि एकदम कळलं. घरी येऊन मी म्हटलं, “अहो, त्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचं…” तुम्ही पेपरमधून वर न बघता म्हणालात, “बिडु गो.”

त्यानंतर मी किती वेळा सुरुवात केली ते मोजलं नाही. दरवेळी तेच. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, कधी टोमणा मारला नाहीत, चारचौघांत तर उलट सांगायचात की आमच्या मिस्सुशिवाय माझं पान हलत नाही. फक्त त्यानंतर कुठल्याही परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला नाहीत. खणातले सही केलेले कोरे कागद पिवळे पडले. दरवर्षी मी विचारायचे, “यंदा काही पाठवायचं का?” “बघू.” तुमच्या मागून आलेले पुढे गेले. तुम्ही मुलांना घेऊन रानावनात हिंडलात, त्यांना दगड दाखवलेत, ती मुलं आजही येऊन रडतात. पण ते कागदावर नाही आलं.

तुम्हाला वाटत असेल, तुम्ही मला माफ केलंत. तसं नाही हो. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. जो रागावलेलाच नाही त्याच्यासमोर काय करायचं? दार उघडंच आहे असं म्हणत तुम्ही ते दार माझ्यासाठी कायमचं लावलंत. इतकी वर्षं मी त्याच्या आत आहे. घर तुमचं-माझं, मुलगा, शाळा, सणवार, दोघांचं हसणं, सगळं त्याच्या आतच झालं. आणि सुखाचं झालं. तेही खोटं नाही.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात पलंगावर नकाशा पसरून तुम्ही मला उंचीच्या रेषा वाचायला शिकवलंत. “या जवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाट. बघ, बोट फिरव.” दोन मिनिटांत मला डोंगर दिसला. कागदावर डोंगर दिसणं म्हणजे काय ते मी कोणाला सांगू? पुढे शाळेत भूगोलाची बाई रजेवर गेली की मी तो तास हौसेने घ्यायचे. आणि माझी आई गेली तेव्हा तुम्ही तेरा दिवस रोज सकाळी माझी वेणी घातलीत, कारण माझे हात वर जात नव्हते. वाकडी असायची. मी तशीच मिरवली.

आता रेकॉर्डिंगकडे येते. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी मी ते ऐकत राहिले, येणाऱ्यांसमोर, पदराआड. शेवटी शेवटी तुम्ही गौरीला सांगता, “आज्जीचं चुकलं न्हाई हं पुट्टा. मी तिला त्या वाटंनं कधी नेलंच न्हाई. माझं चुकलं ते.”

अहो, खोटं बोललात. तीनदा विचारलं होतंत तुम्ही. “चल गो उद्या, संतेला जाऊ, पुट्टम्मा तुला बघायचं म्हणते.” एकदा मी म्हटलं वह्या तपासायच्या आहेत. एकदा म्हटलं तिथे चालायचं किती. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आठवत नाही, पण गेले नाही. मरायच्या आधी, माझ्या पाठीमागे, नातीशी बोलतानाही तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत. तिथेही मला जागा ठेवली नाहीत.

दहाव्या दिवशी अजित आणि बाकीचे पुरुष सकाळी श्रीरंगपट्टणाला नदीवर गेले. घरात मी आणि ताराक्का. ती माजघरात झोपली. मी तुमच्या टेबलाशी बसले, गौरीला समोर पडद्यावर घेतलं आणि टाइप करायला लागले. अडीचशे शब्दांची मर्यादा. मी झरझर लिहिलं, बोटं अजून चालतात. गौरीला पाठवलं. ती वाचत होती, मी तिचा चेहरा बघत होते.

“आज्जी,” ती म्हणाली, “हे आठ किलोमीटर कुठून आले? आजोबा बोललेच नाहीत किलोमीटर.”

मी पडद्यावर पाहिलं. दुसऱ्याच वाक्यात होतं. सुमारे आठ किलोमीटर. मी ते कधी लिहिलं ते मला माहीत नाही. सगळं कळून, पटून, इतकी वर्षं त्यात बुडून, पहिल्या फटक्याला माझ्या हाताने तेच केलं. गौरी घाबरली. “आज्जी, तू रडू नको ना. मस्त आहे. थोडंच चेंज करायचंय.” मी रडत नव्हते, पोरी. मला माझ्या हातांची भीती वाटत होती.

मग मी तिला म्हटलं, “तू बस इथेच. मी एकेक वाक्य म्हणते. आजोबांनी नाही म्हटलेलं काही आलं की थांबव.” तिने मला नऊ वेळा थांबवलं. तिला शब्द कमी येतात म्हणून ती तुमचं तेवढंच ऐकते, जेवढं तुम्ही म्हणालात. मी ऐकते आणि नीट करते. होरेगल्लु म्हणजे काय हे सांगायला पुष्कळ शब्द गेले, म्हणून सुरुवातीचं भारदस्त वाक्य काढलं. पुट्टम्माचं उत्तर कन्नडात जसंच्या तसं ठेवलं. दोन आकडे ठेवले. सारखे नसलेले. अडीचशेला दोन कमी असा झाला. तो सुबक नाही. पण तुमचा आहे.

साडेचारला अर्ज भरायला घेतला. लेखकाचं नाव, तुमचं. खाली रकाना होता, परिषदेत निबंध कोण सादर करणार? तुमचं नाव घातलं. पुढे प्रश्न आला, ते स्वतः उपस्थित राहतील का? “नाही” म्हटलं की अर्ज पुढे जाईना. “हो” मला म्हणवेना. मग सादर करणारी म्हणून माझं नाव घातलं. लाल अक्षरांत ओळ आली, सादर करणारी व्यक्ती लेखकांपैकीच हवी.

“मग तू को-ऑथर हो ना आज्जी,” गौरी म्हणाली. “सिंपल.”

“नाही.”

“का पण?”

मी अर्ज वर-खाली फिरवला. दुसरी काही वाट मिळते का बघत राहिले. परिषदेच्या कचेरीला फोन लावला, वाजत राहिला. दारात ताराक्का उभी होती, केव्हा उठली कोणास ठाऊक.

“काय अडलंय?”

मी सांगितलं. माझं नाव लेखक म्हणून लावलं तरच जाईल, नाहीतर नाही.

“मग लाव की. त्याच्या सगळ्या कागदांत तूच होतीस, अल्वा?”

“म्हणूनच लावायचं नाही, अक्का.”

“अय्यो, मला न्हाई कळत तुमचं नवरा-बायकोचं.” ती पुढे आली, घड्याळाकडे बघितलं. “दहा दिवस मीच म्हटलं, काम धरू नकोस. आता धरलंस तर सोडू नकोस. पाच वाजायला आले.”

पाचला सहा मिनिटं होती. पहिल्यांदाच मी काही मुदतीच्या दोन दिवस आधी केलं नव्हतं. तुमचा शोध पाठवायचा तर त्यावर माझं नाव, आणि नाव नको तर तो पुन्हा फायलीत. दोन्हीकडून मी तुमचं काहीतरी घेणार होते. मी दुसऱ्या लेखकाच्या रकान्यात माझं नाव टाइप केलं. सगळ्या आयुष्यात तुमच्या कागदावर पहिल्यांदा. बटण दाबलं. गौरीने टाळ्या वाजवल्या.

परवा परिषदेकडून उत्तर आलं, स्वीकारला आहे. सोबत एक आपुलकीचं वाक्य होतं, की पतीचं कार्य पुढे नेणाऱ्या सहसंशोधक पत्नीचा तिथे सत्कार करायचा विचार आहे. सत्काराला मी नको कळवलं. तर त्यांचा फोन आला. मुलगी गोड बोलत होती, “ज्येष्ठांचा मान आहे मॅडम,” म्हणत होती, ऐकेना. डिसेंबरात मी तिथे उभी राहीन. शाल घालतील. टाळ्या वाजवतील. यात नवीन काय असं कोणी विचारलं तर उत्तर पाठ केलंय, कन्नडात आणि इंग्रजीत, आणि या वेळी त्यात किलोमीटर नाहीत. पण टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही ठाऊक नसेल की हे काम इतकी वर्षं ज्या बाईमुळे अडून राहिलं, तिच्याच खांद्यावर ते शाल घालतायत. गौरी-निखिलना आता ठाऊक आहे. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. त्यासाठीच लिहिलं.

तुमचा शोध मी एकदा पुसला आणि आता त्यावर माझं नाव छापलं जाणार आहे, तुमच्या नावाच्या बरोबरीने, तुमची परवानगी न घेता. यापेक्षा मोठं कारण मी तुम्हाला देऊ शकत नाही.

अहो, आता तरी रागवा.